शकुनकाकूंचा कान

कोलकात्याला बदली झाली तेव्हा बँकेने मला फ्लॅट दिला, नवऱ्याने धीर दिला आणि शकुनकाकूंनी, ओळखदेख नसताना, माझ्या गाडीचं निदान दिलं. बालीगंजच्या आमच्या इमारतीचं आवार अरुंद. सामानाने लादलेली गाडी मी त्यात मागेपुढे करत होते, तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खणखणीत मराठी ऐकू आलं. "अगं ए मुली, उजवीकडे पूर्ण वळवून रेस दिलीस की कट्कट् करतंय ना? डावा एक्सल बघून घे. जॉइंट गेलाय."

महाराष्ट्राची नंबरप्लेट त्यांनी वाचली होती, त्यामुळे मराठीचं कोडं लगेच सुटलं. एक्सलचं सुटलं नाही. परक्या शहरात आपल्या भाषेतलं पहिलं वाक्य कानावर पडावं आणि ते एक्सलबद्दल असावं, हे भाग्य माझ्याच वाट्याला आलेलं. दुसऱ्या दिवशी कसब्याच्या निताईदाने गॅरेजात गाडी वर उचलली, डाव्या एक्सलचं फाटलेलं रबर दाखवलं आणि मला हिंदीत विचारलं, "शकुनदीदी बोला ना?" मी हो म्हटल्यावर तो पुढचं काही न विचारता कामाला लागला. या शहरात ओळखीचं पत्र म्हणून मला शकुनकाकूंचं नाव पुरायला लागलं ते तेव्हापासून.

काकू मूळच्या कोल्हापूरच्या. उद्यमनगरात त्यांच्या वडिलांचं, आप्पांचं, गॅरेज होतं. आप्पांचे कान तरुणपणीच गेले होते. शेजारच्या कारखान्यातल्या घणांनी ते खाल्ले, असं काकू सांगायच्या. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं गाडी आवाज करते, आणि मिस्त्रीला तर आवाजच ऐकू येत नाही. मग शाळेतून आलेल्या शकुनला हाक जायची. ती गाडीभोवती फिरून ऐकायची, बोटाने जागा दाखवायची. आप्पा त्या जागेवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. "कान माझे, हात त्यांचा. दोघांत मिळून एक मिस्त्री," हे वाक्य मी काकूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की कंटाळा यायला हवा होता, पण आला नाही.

पुढे लग्न होऊन त्या उदयकाकांबरोबर इकडे आल्या. काका केंद्र सरकारच्या खात्यात होते. परत महाराष्ट्रात बदली मिळत होती तेव्हा नको म्हणाले, कारण काकूंना इथल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती आणि ती त्यांना मनापासून आवडत होती. काकांनी गाडी कधी चालवली नाही. आयुष्यभर डावीकडच्या सीटवर बसले आणि तिथूनच गेले असं काकू म्हणायच्या, म्हणजे दवाखान्यात नेतानाही ते नेहमीच्या जागी, पट्टा लावून बसले होते. त्यानंतर ती तांबडी गाडी आणि काकू अशा दोघीच घरात राहिल्या. मुलगी शर्वरी पुण्याला असते, आयटीत.

शेजारचे बंगाली लोक काकूंना प्रेमाने 'बर्गी' म्हणतात. मराठ्यांच्या स्वाऱ्या इकडे यायच्या तेव्हाचं ते नाव. काकूंना त्याचा राग नाही, उलट मूठभर मांसच चढतं. आपल्याला अडवायला या शहराने बागबाजारपासून खंदक खणायला घेतला होता, आणि आता त्याच बागबाजाराच्या शेजारी, कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीत, आपण ऑर्डर देऊन आपला गणपती करून घेतो, हे त्या प्रत्येक नव्या बदलीवाल्याला ऐकवतात. "खंदक बुजला. आपण आहोत," असा त्याचा शेवट असतो.

तर काकूंचा कान. दक्षिण कोलकात्यातल्या मराठी घरांत आजारपणाला डॉक्टर आणि गाडीला काकू, अशी वाटणीच होती. लोक फोन करून तोंडाने आवाज काढून दाखवायचे. बँकेतले मोठे साहेब 'घूंऽऽ' करतायत आणि काकू गंभीरपणे ऐकतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांची उलटतपासणी ठरलेली होती. आवाज गाडी उभी असताना येतो की चालताना? नुसतं स्टेअरिंग फिरवल्यावर, की रेस दिल्यावर? डावीकडे वळताना वाढतो की उजवीकडे? फोर्ट विल्यमच्या क्वार्टरमधली सानिका, नवरा मेजर, तिने एकदा सांगितलं की वेगात घुमल्यासारखा आवाज येतो आणि उजवीकडे वळलं की वाढतो. काकू म्हणाल्या, "उजवीकडे वळलीस की गाडीचा भार डावीकडे जातो. डाव्या चाकाचं बेअरिंग बदल. आणि नवऱ्याला सांग, टायरला दोष देऊ नकोस. नाचता येईना अंगण वाकडं." सानिकाने दोन्ही निरोप जसेच्या तसे पोचवले.

जो आवाज वळताना येतो तो खरं बोलतो, असं काकूंचं मत. सरळ रस्त्यावर गाडी सगळं झाकून नेते. वळणावर भार एका बाजूला पडला की मग कुठे काय दुखतंय ते बाहेर येतं. हे त्या माणसांनाही लावायच्या, आणि त्या वेळी समोरच्याने फार वेळ तिथे थांबू नये.

आता मुद्द्याचं. दर वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या काही घरांचे गणपती कुमारटुलीहून येतात ते काकूंच्या तांबडीतून. तिथला एक मूर्तिकार आमच्यासाठी आपल्या पद्धतीचे घडवतो, पाटावर बसलेले, डोक्याला फेटा, अंगाने आटोपशीर. मूर्ती कच्च्या मातीच्या, धक्का चालत नाही. त्यामुळे दर वर्षी कोणीतरी टेम्पोचं नाव काढतं आणि दर वर्षी काकू त्याच्याकडे नुसतं बघतात.

त्या वर्षी शर्वरी गणपतीला आली. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी तिला आणायला विमानतळावर गेलो. काकू चालवत होत्या, मी मागे. पार्किंगमधून बाहेर पडताना काकूंनी गाडी वळवली आणि पुढून आवाज आला. कर्रर्र, मग टक्. पुन्हा वळण, पुन्हा कर्रर्र, टक्. काकू शर्वरीला विचारत होत्या की विमानात काय खायला दिलं.

मी शर्वरीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. काकूंच्या गाडीत आवाज, आणि काकू सँडविचची चौकशी करतायत. आम्हाला दोघींना आधी वाटलं की त्यांना माहीत आहे, आपल्यासमोर विषय नको म्हणून बोलत नाहीत. म्हणून आम्हीही बोललो नाही. तासभर गाडीत तिघी होतो आणि ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. शेवटी आमच्या आवारात, जिथे स्टेअरिंग पूर्ण फिरवल्याशिवाय गाडी लागतच नाही, तिथे तो आवाज इतका मोठा आला की दरवानाने मान वर केली.

"आई, हा आवाज कसला?" शर्वरीने विचारलं.

"कुठला आवाज?"

काकूंनी स्टेअरिंग उलट फिरवलं. टक्. पुन्हा सुलट. कर्रर्र, टक्. त्या ऐकत होत्या. मान किंचित तिरकी, भुवया जवळ आलेल्या, नेहमीसारख्या. मग त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"नूपुर, तुला येतोय?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "हो काकू," मी म्हटलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टेअरिंगवरच होते. "मला येत नाहीये," त्या म्हणाल्या, आणि असं म्हणाल्या, जणू दारात आलेल्या कोणाला तरी 'ते घरी नाहीत' म्हणून सांगतायत. मी या बाईला अनेक गोष्टींत चुकताना पाहिलंय, राजकारणात, पुरणात, जावयाच्या बाबतीत तर नेहमीच. या एका गोष्टीत कधी नाही.

वर गेल्यावर शर्वरी सरळ बोलली. ती आईचीच मुलगी, आडून बोलणं तिच्या रक्तात नाही. फोनवर गेले काही महिने आई प्रत्येक वाक्य दोनदा विचारते, टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, हे तिने सांगितलं. "मागून बसने हॉर्न दिला तर तुला ऐकू येतो का? मला तिथे पुण्यात रोज धाकधूक असते. गाडी विकून टाक, आई. इथे टॅक्सी आहे, लोकल आहे, नूपुर आहे."

नूपुर आहे हे ऐकून मला बरं वाटलं, पण टॅक्सी आणि लोकलच्या पंगतीत बसवल्याने थोडं कमीही वाटलं.

काकूंनी वाद घातला नाही. तोच मला वाईट शकुन वाटला. त्यांनी गाडीची किल्ली टेबलाच्या मधोमध ठेवली. "उद्या गणपती आणायचेत. त्याआधी आवाजाची जागा मी शोधली आणि तो बंद केला, तर किल्ली माझी. नाही जमलं, तर दत्तोपंतांना टेम्पो सांगू आणि किल्ली तू घेऊन जा. पुन्हा मागणार नाही." दत्तोपंत हे आमच्यातले टेम्पोचे जुने पुरस्कर्ते. त्यांना सांगणं म्हणजे काय, हे आम्हाला कळत होतं.

"ऐकू येत नाही तर शोधणार कशी?" शर्वरीने विचारलं. मुद्दा बिनतोड होता. काकूंनी मला सकाळी गाडीत बसायला सांगितलं.

सोमवारी एकाच दिवशी दोन सण आले होते. आमची हरतालिका आणि इथल्या लोकांची विश्वकर्मा पूजा. हरतालिकेला मी उपाशी असते आणि उपाशी असले की माझं डोकं फार लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. विश्वकर्मा पूजेचं असं, की त्या दिवशी कोलकात्यातलं प्रत्येक गॅरेज, प्रत्येक कारखाना, रिक्षाचा स्टँडसुद्धा, देव मांडतो. हत्यारं धुऊन पुसून देवापुढे ठेवतात. दुपारी मटण, खिचडी, गच्च्यांवर पतंग. आणि दिवसभर हत्याराला हात लावत नाहीत. पान्याला नाही, पक्कडीला नाही, साध्या स्क्रू-ड्रायव्हरलाही नाही.

हे काकूंना माहीत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी तांबडी बिजन सेतूवरून कसब्याला नेली. निताईदाचं गॅरेज फुलांच्या माळांनी ओळखू येत नव्हतं. हत्तीवर बसलेले विश्वकर्मा, पुढे शेंदूर लावलेले पाने, जॅक, हातोडे ओळीने निजवलेले. निताईदा नव्या कुर्त्यात, घाम पुसत पुढे आला.

"दीदी, आज तो औजार नहीं छूएगा. पूजा है. परसों ले आइए."

"मला आज पाहिजे," काकू हिंदी विसरून मराठीतच म्हणाल्या. निताईदाला शब्द नाही कळले तरी अर्थ कळला. त्याने मला गाडी पुढेमागे घ्यायला लावलं, कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, एक्सल. मोड़ने पे आवाज़, मतलब एक्सल. परवा बदलू. तोवर प्रसाद घ्या.

माझ्यापुढे मटणाची ताटली आली. मी ती शर्वरीकडे सरकवली आणि मनातल्या मनात शंकराची माफी मागितली.

काकू मात्र एकदम ताठ झाल्या. निताईदाचं निदान त्यांना पटलं नव्हतं, आणि पटलं नाही की त्यांच्यात जीव येतो. त्या माझ्याकडे वळल्या. "नूपुर, काल आवारात आवाज आला तेव्हा गाडी चालत होती?"

"नाही. उभीच होती. तुम्ही नुसतं स्टेअरिंग फिरवत होता."

"मग एक्सल सुटला. चाक फिरल्याशिवाय एक्सल बोलत नाही. बेअरिंगही सुटलं. विनाकारण चोर सोडून संन्याशाला सुळी." त्यांनी हे निताईदाला हिंदीत सांगितलं, संन्याशासकट. तो क्षणभर विचारात पडला, मग हसला आणि कानाची पाळी पकडली. गॅरेजात एवढा मोठा ढोल, ढाक, वाजतोय, आज कान देवाकडे आहेत, असं काहीतरी म्हणाला.

"गाडी फाटकाच्या बाहेर घे," काकू मला म्हणाल्या. "बॉनेट उघड."

मग त्यांनी डिकीतून कॅनव्हासची एक गुंडाळी काढली. मी ती आधी पाहिली होती, उघडलेली कधी नाही. आप्पांचे पाने. कळकट नाहीत, वापरून गुळगुळीत झालेले. निताईदाचा चेहरा उतरला. "दीदी, आज के दिन?"

"निताई, तुमचा देव आज, आमची खंडेनवमी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. माझ्या पान्यांची पूजा अजून महिन्यापेक्षा लांब आहे. आज त्यांना सुट्टी नाही. आणि मी तुझ्या फाटकाबाहेर आहे."

निताईदाने फाटकाच्या रेषेकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि त्याला ते बरोबर वाटलं असावं. तो रेषेच्या आत उभा राहिला. हाताला सुट्टी होती, जिभेला नव्हती. तिथून पुढे सगळा वेळ त्याचं उंटावरून शेळ्या हाकणं चाललं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आधारही वाटत होता.

काकूंनी कामं वाटून दिली. मी स्टेअरिंगवर. इंजिन चालू, गियर नाही, हँडब्रेक वर. शर्वरी पुढच्या चाकापाशी, कान लावून. "हात आत घालायचा नाही, नुसतं ऐकायचं. आवाज आला की बोट वर." आणि काकू स्वतः बॉनेटखाली. पुढच्या चाकांच्या बरोबर वर, दोन्ही बाजूंना, पत्र्याचा एकेक उंचवटा असतो. चाकाचे धक्के सोसणाऱ्या, खालून आलेल्या शॉकअपचं डोकं तिथे तीन नटांनी बांधलेलं असतं. डावीकडच्या उंचवट्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"फिरव. सावकाश."

मी फिरवलं. कर्रर्र, टक्. शर्वरीचं बोट वर. काकूंनी मान हलवली. "इथे काही नाही." त्या उजव्या बाजूला आल्या, तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

काचेतून, बॉनेटच्या फटीतून, मला त्यांचा हात आणि अर्धा चेहरा दिसत होता. मी फिरवत होते. शर्वरीचं बोट वर गेलं आणि त्याच क्षणी काकूंचा हात किंचित उसळला, झोपलेलं मांजर कूस बदलतं तेव्हा पांघरूण हलतं तसा. मी उलट फिरवलं. बोट वर, हात उसळला. पुन्हा. पुन्हा. शर्वरी चाकापाशी ओणवी, तिला आईचा हात दिसत नव्हता. आईला मुलीचं बोट दिसत नव्हतं, कारण डोळे मिटलेले. दोन्ही एकदम होत होतं, आणि ते मला एकटीला दिसत होतं. उपासामुळे असेल, माझे डोळे भरून आले.

"थांब," काकू म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच होते. "आप्पा हेच करायचे. मला वाटायचं, माझी खात्री करून घेतायत. आता कळलं, त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. मी फक्त बोलून दाखवत होते." त्यांनी डोळे उघडले आणि पहिला नट बोटांनी धरला.

तो फिरला. पाना न लावता, नुसत्या बोटांनी. दुसराही फिरला. तिसरा तेवढा घट्ट होता. त्या एकावर शॉकअपचं डोकं तग धरून होतं, आणि स्टेअरिंग फिरवलं की जागेवरून सरकून परत बसत होतं.

निताईदाने आतून कपाळाला हात लावला. वैशाखात शॉकअप त्यानेच बदलले होते. तेव्हा त्याने सांगितलं होतं, थोडं चालवून परत आणा, नट बसतात, पुन्हा पिळायला लागतात. "बोला था, दीदी."

"सांगितलं होतंस," काकू म्हणाल्या. "मीच आले नाही. म्हटलं, आवाज नाही, मग कशाला? गाडीला काही झालं तर मला ऐकू येईलच." शर्वरी उभी राहिली होती. काकूंनी तिच्याकडे वळून, तिला ऐकवायचं म्हणूनच, पुढचं वाक्य मोठ्याने म्हटलं. "आवाज होता. मी नव्हते."

शर्वरीने गुंडाळीतून पाना काढून आईच्या हातात दिला. मापाचा नव्हता. काकूंनी तो परत दिला आणि दुसरा मागितला, तो बरोबर निघाला. मग काकूंनी एकेक नट थोडा थोडा, आळीपाळीने आवळला, एकच एकदम नाही. निताईदा रेषेआडून सांगत होता, 'और थोड़ा, बस, अब उधर,' आणि काकू ऐकत नव्हत्या. ऐकू येत नव्हतं म्हणून की ऐकायचं नव्हतं म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. शेवटचा पीळ देताना त्यांनी पान्याच्या दांड्यावर अंगाचा भार टाकला, हात तसाच ठेवून क्षणभर वाट पाहिली आणि सोडला. डावीकडचे तीन नटही तपासले. ते जागेवर होते.

"फिरव."

मी फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शर्वरी ओणवी. बोट खालीच राहिलं. काकूंचा तळहात पत्र्यावर स्थिर होता.

मग रस्त्यावर. गल्लीतून डावीकडे, उजवीकडे, पुलाच्या चढावर, ट्रामच्या जुन्या रुळांवरून मुद्दाम आडवी. मी चालवली, शर्वरी शेजारी कान टवकारून. काही नाही. परत आलो तेव्हा काकू निताईदाच्या खुर्चीत बसून खिचडी खात होत्या आणि दत्तोपंतांना फोनवर सांगत होत्या की टेम्पोवाल्याला सणाच्या दिवशी उगाच त्रास देऊ नका. दत्तोपंत काय म्हणाले ते त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना त्यांनी फोन शर्वरीकडे दिला. असं त्यांनी याआधी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

किल्ली गाडीलाच होती, ती कोणी कोणाला दिली नाही. काकू उठल्या आणि सरळ उजवीकडच्या दाराने आत बसल्या.

कुमारटुलीत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. गवताच्या दुर्गा, बिनमुंडक्याचे सिंह, ओल्या मातीचा वास, आणि त्या गर्दीत एका फळीवर आमचे फेटेवाले गणपती शहाण्या मुलांसारखे बसलेले. आम्ही मूर्तींच्या तोंडावर रुमाल टाकून त्यांना उचललं. दोन माझ्या शेजारी मागच्या सीटवर, उशांच्या मधे. काकूंच्या घरचा शर्वरीच्या मांडीवर, पुढे, उदयकाकांच्या जागी.

बागबाजारातून निघताना काकूंनी खंदकाची गोष्ट सांगितली नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी दुसरं मनात आहे. मग त्या म्हणाल्या, "गौरी गेल्या की गाडी निताईकडे टाकू. नट नवे घालून घेते. आणि मी त्या कानवाल्याकडे जाते. यंत्र लावायला सांगितलं तर लावते. दोघींची दुरुस्ती एकदमच होऊन जाऊ दे."

"मी थांबते तोवर," शर्वरी म्हणाली. "रजा वाढवते."

"कशाला? किल्ली न्यायला?"

"कान म्हणून," शर्वरी म्हणाली.

समोर श्यामबाजारचा पाच रस्त्यांचा चौक आला. मधे घोड्यावरचा पुतळा, चारी बाजूंनी बस, हातगाड्या, पतंगामागे पळणारी पोरं. काकूंनी तिन्ही आरसे पाहिले, गियर उतरवला आणि गाडी वळवायला घेतली. मोठं, लांब, पूर्ण वळण, रुळांवरून. शर्वरीने दोन्ही हातांनी गणपती धरला होता आणि मान किंचित तिरकी केली होती, थेट आईसारखी. मी श्वास रोखून धरला होता. तांबडी सबंध चौक वळली.

"काय ऐकू येतंय?" काकूंनी विचारलं.

"काहीच नाही," शर्वरी म्हणाली.

"मग आज दोघींना सारखंच ऐकू येतंय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी स्टेअरिंग सरळ केलं.